नॉर्मल

लाल चिमटा उजव्या मनगटाला, पिवळा डाव्या,
काळा आणि हिरवा पायांना.
छातीवर सहा रबरी फुगे. जेल गार,
मे महिन्यात रावेरला तेवढंच गार.

प्रल्हादकाका भारंबे, वय एकसष्ट.
सावद्याच्या वखारीत केळीच्या काट्यावर बसायचे.
घड हातात धरला की किलो सांगायचे,
काटा नंतर तेच म्हणायचा.
या महिन्यात चौथ्यांदा आलेत,
चौथ्यांदा रात्री.

मशीन किर्र करतं, कागद सोडतं.
टेकडी, डोंगर, टेकडी, पुन्हा तेच,
सातपुडा लांबून दिसतो तसं, शिस्तीत.
डॉक्टर झोपेतून येतात, बघतात, लिहितात: नॉर्मल.
खाली: टेन्शन घेऊ नये.
जेवणाआधी की नंतर, ते लिहीत नाहीत.

दोन स्टेंट जळगावला बसल्या, योजनेत,
रुपया लागला नाही.
भीतीचा कोड त्या यादीत नाही.
मी एका रात्रपाळीला शोधला होता.

कोकिळाकाकू सांगतात,
बसून झोपतात. जिना दिसला की मागं फिरतात.
नात कडेवर घ्या म्हणते, तर म्हणतात, हात दुखतो.
सात महिने कुणाचा हात दुखतो?
उशाशी घड्याळ, दोन बोटं मनगटावर,
मोजतात, चुकतात, पुन्हा एकपासून.
"लाख घड तोलले असतीन याह्यनं,
अन् आता रातभर सोताच्या जीवाचं वजन करतात."

चिठ्ठी दिली होती मागे.
मानसोपचार, जिल्हा रुग्णालय, गुरुवारी, नऊ ते बारा.
सातची एसटी, भुसावळला खोळंबा,
साडेदहाला केसपेपर,
मग लांब व्हरांडा आणि टोकाला पाटी: मनोविकार.
पाटीखाली बाकावर फैजपूरचा ओळखीचा जिनवाला.
काका म्हणाले, डोळे दाखवायले आलो.
तो म्हणाला, मीबी.
काका तीन पावलं मागे आले
आणि खरंच डोळ्यांच्या रांगेत उभे राहिले.
जवळचा नंबर निघाला, दीड.
आता घड्याळातला सेकंदकाटा
स्वच्छ दिसतो.

काल रात्री डॉक्टर बाळंतपणात अडकले होते.
चिमटे लावलेले, मशीन चालू.
मी विचारलं, काका, भेव नेमकं कशाचं वाटते?
विचारायचा मला अधिकार नाही.
माझं काम चिमटे लावायचं.

ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले,
टेबलावर झोपोयलं होतं मले, जागाच होतो,
काचीमागून कोनीतरी बोललं, "गेला."
दोनदा बोललं. "गेला, गेला."
कोन गेला, बाई?
तवापासून मी तेच इचारतो
अन् कोनाले इचारू?

मी म्हटलं, फुगा गेला असेल पुढं, नळीतून.
तसं म्हणतात ते.
म्हणतात की नाही, मला ठाऊक नाही.

मग ते बोलत गेले. वखार, वडील,
वडीलही एकसष्टाव्या वर्षी, काट्याजवळच,
हातातला घड खाली न पडू देता.
कागद टेबलावरून जमिनीवर गेला,
स्टुलाखाली गेला, डोंगरामागून डोंगर,
शेवटी शेवटी डोंगर जरा लांब लांब.
उन्हाळ्यात हा कागद काळवंडतो,
पावसाळ्यापर्यंत त्यावर काही वाचता येणार नाही.

सकाळी रजिस्टर भरलं.
रोल जादा खर्च: एक. कारण:
पेशंट बोलत होता.
स्टोअरच्या वाघुळदे भाऊंनी लाल गोल केला.
"ताई, हे कारण चालत नाही."

गुरुवारी सातच्या एसटीला
मी पण आहे. काकू खिडकीशी बसतील,
व्हरांड्याच्या टोकापर्यंत तिघं जाऊ.
डॉक्टर तिथं असतील किंवा नसतील,
मागच्या महिन्यात दोनदा नव्हते.
रजेचा अर्ज टाकलाय.
कारण: डोळे दाखवणे.